पाणथळ सरडेघर

पाळीव सरड्यांच्या पिल्लांसाठी घरात उभारलेली, उथळ पाणी वाहते ठेवणारी काचेची किंवा लाकडी पेटी. जमीन व पाणी दोन्ही असलेल्या अशा पेटीला पॅलुडेरियम म्हणतात. हिरवा इगुआना आणि चिनी पाणसरडा हे दमट जंगलातले, झाडांवर राहणारे सरडे तिच्यात वाढवतात. बिअर्डेड ड्रॅगन किंवा लेपर्ड गेको कोरड्या मुलखातले. त्यांच्या पेटीतला धबधबा ही निव्वळ मालकाची हौस, आणि तिची किंमत प्राणी श्वसनाच्या आजाराने मोजतो.

परदेशी पुस्तके पेटी गरम कशी ठेवावी हे शिकवतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा प्रश्न उलटा होतो. इगुआनाच्या पिल्लाला शेकायच्या फांदीवर ३२ ते ३५ अंश, खालच्या सावलीत २६-२७ अंश आणि ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. सरड्याला घाम येत नाही. जागा बदलूनच तो अंगाचे तापमान सांभाळतो. खोलीच ४० अंशांवर गेली तर जायला जागा उरत नाही (सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ती अशी). म्हणून पत्र्याच्या खोलीपेक्षा धाब्याच्या घरातले माजघर बरे. खिडकीतल्या उन्हात काचेची पेटी भट्टी होते, आणि हाडांना लागणारे अतिनील-बी किरण काचेतून येतही नाहीत. त्यासाठी वेगळी ट्यूब रोज १०-१२ तास लावावी लागते. ट्यूब उजेड देत राहिली तरी किरण मंदावतात. ६ ते १२ महिन्यांत ती बदलावी.

पिल्लांसाठी पेटी उभी हवी : साधारण ६० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद, ९० सेंमी उंच. दुकानातले जुने शोकेसही चालते, पण दोन बाजूंना जाळी बसवायला हवी. आत पेरूच्या वाळवलेल्या फांद्या, तळाला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). प्लायवूडच्या सांध्यांना सिलिकॉन भरून ते पूर्ण सुकेपर्यंत, वास जाईपर्यंत, प्राणी सोडू नये.

पाण्यासाठी कुलरचा छोटा पंप पुरतो; कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. त्याचा जोर मात्र पिल्लांना झेपत नाही, म्हणून नळीवर कॉक बसवून धार दगडावरून ओघळेल इतकी बारीक करतात. झाडावरचे सरडे साठलेल्या पाण्यापेक्षा हलते थेंब चाटणे पसंत करतात. धबधब्याचा खरा उपयोग तोच. कुंडातले पाणी पिल्लाच्या खांद्याच्या वर नको, काठ उतरता व खडबडीत हवा. पंपाच्या तोंडाला स्पंज बांधला नाही तर शेपटी अडकते. वायर बोर्डाच्या पातळीखाली लोंबती ठेवून मग वर बोर्डाकडे न्यावी, म्हणजे थेंब खालीच गळतात. जोडणी ईएलसीबीवरून (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) घ्यावी. कुलरचा शॉक खान्देशाला सांगायला नको.

पाणसरडे व इगुआना पाण्यातच शी करतात, त्यामुळे पाणी रोज बदलावे लागते. आतड्यातले साल्मोनेला जंतू माणसालाही बाधतात. स्वयंपाकघराच्या मोरीत कुंड घासू नये. नळाचे क्लोरीनयुक्त पाणी एक दिवस उघडे ठेवून वापरतात. बोअरचे पाणी जड असेल तर काचेवर पांढरे डाग धरतात.

उन्हाळ्यात पेटी कुलरच्या खोलीत, पण झोताबाहेर ठेवली की उष्णता आणि कोरडेपणा दोन्ही आवरतात. पावसाळ्यात कुलर माळ्यावर जातो आणि कोकोपीटला बुरशी चढते; तेव्हा धबधबा टायमरवर तासभर पुरे. डिसेंबरात धुळ्याकडे रात्रीचा पारा एक आकडी होतो, त्या वेळी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लागतो. तो जाळीबाहेर टांगावा. पिल्लू थेट त्यावर चढते आणि भाजते.

रानातून सरडा धरून आणू नये. घोरपड वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूची १ मध्ये आहे. ती बाळगल्यास ३ ते ७ वर्षे कैद होऊ शकते. इगुआना व चिनी पाणसरडा साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये असल्याने २०२४ च्या नियमांनुसार त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. इगुआना पुढे शेपटीसह दीड मीटरपर्यंत वाढतो. ही पेटी त्याला जेमतेम पहिले वर्ष पुरते.