सहा-एक्केचाळीस की सात-एक्केचाळीस : नागपूरच्या ट्रकांमागचा जुना वाद

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि नागपूरजवळच्या वाडीतल्या ट्रकांच्या गॅरेजांमध्ये एक जुना वाद पुन्हा तापला. हाऊसिंग, म्हणजे मागच्या एक्सलचं कवच, खोललंच आहे, तर होता तोच क्राऊन-पिनियन बसवायचा की रेशो बदलून घ्यायचा? पिनियन हा शाफ्टच्या टोकाचा छोटा गिअर, तो क्राऊन हा मोठा गिअर आणि त्याबरोबर चाकं फिरवतो; क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात म्हणजे रेशो. हा प्रश्न नवा वाटत असला तरी त्याला चार दशकांचा इतिहास आहे.

आधी थोडं मागे जाऊ. फ्रान्समधल्या एका घड्याळजीने १८२० च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी डिफरेन्शियलचं (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांचं) पेटंट घेतलं होतं. १९२६ मध्ये अमेरिकेत एका मोटारीत हायपॉइड गिअर आले. पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेखाली सरकला, दात एकमेकांवर जास्त घासू लागले आणि साधं गिअर ऑइल पुरेनासं झालं. आपल्याकडे रेशोची ओळख बहुतेकांना जीपमुळे झाली. महायुद्धातल्या जीपला ४.८८, म्हणजे ८ दातांचा पिनियन आणि ३९ दातांचा क्राऊन. नंतरच्या सीजे-३बी ला ५.३८, म्हणजे ८ ला ४३. पुढचा एक्सल एकीचा आणि मागचा दुसरीचा अशी जोडलेली जीप टू-व्हीलमध्ये छान चालायची. फोर-व्हील घातलं की दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडायचे आणि कडक रस्त्यावर ट्रान्सफर केसचा (दोन्ही एक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीचा) जीव जायचा.

खरा घोळ मात्र ट्रकांच्या काळात झाला, आणि तो आधी शब्दांचा होता. टाटाच्या १२१० आणि पुढे १६१२ या ट्रकांच्या काळात दोन जोड्या सगळ्यांच्या तोंडी बसल्या. ६ ला ४१ म्हणजे ६.८३, आणि ७ ला ४१ म्हणजे ५.८६. आता यातला 'मोठा' रेशो कोणता? स्पेअर पार्टच्या काउंटरवर मोठा म्हणजे ज्याचा आकडा मोठा, अर्थात ६.८३. ड्रायव्हरच्या लेखी मोठा म्हणजे जास्त पळणारा, अर्थात ५.८६. इंग्रजी मॅन्युअल वाचलेला माणूस ६.८३ ला 'लो' म्हणणार, कारण त्याच्या डोळ्यासमोर गिअरबॉक्स असतो आणि तिथे पहिला गिअर सर्वांत लो. तिघेही आपापल्या जागी बरोबर. फोनवर 'मोठा पाठवा' म्हटल्यावर भलतीच जोडी आली आणि ते गाडी भरून रस्त्याला लागल्यावरच कळलं, असं त्या काळात नेहमी व्हायचं. म्हणून जुन्या मिस्त्रींनी मोठा, छोटा, हाय, लो हे सगळे शब्द सोडून सरळ दात सांगायला सुरुवात केली. सहा-एक्केचाळीस, किंवा गॅरेजच्या हिंदीत छे-इकतालीस. मला ही भाषा कुठल्याही मॅन्युअलपेक्षा नेमकी वाटते, कारण दात कोणालाही मोजता येतात.

४१ हा आकडाही उगाच आलेला नाही. ती मूळ संख्या आहे. ६ किंवा ७ ने तिला भाग जात नाही, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात आळीपाळीने क्राऊनच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी पसरते. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात. एकाचा दात गेला म्हणून तेवढंच बदलणं हे पैसे वाचवणं नव्हे. पहिल्याच फेरीत आवाज सुरू होतो.

वादाचा मुद्दा असा होता. दोन राष्ट्रीय महामार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. तेव्हाचे ६ आणि ७, २०१० च्या फेरक्रमांकानंतरचे ५३ आणि ४४. रस्ते रुंदावत गेले तसे मालक सहा-एक्केचाळीस काढून सात-एक्केचाळीस मागू लागले. हिशेब सोपा होता. १०.००-२० चा टायर एका फेऱ्यात साधारण ३.२ मीटर जातो. टॉप गिअर डायरेक्ट असेल, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट सारखेच फेरे घेत असतील, तर ताशी ६० ला सहा-एक्केचाळीसवर इंजिन सुमारे २१३० फेरे मारतं, सात-एक्केचाळीसवर सुमारे १८३०. डिझेल वाचतं, इंजिन शांत राहतं.

पण हा हिशेब सपाट रस्त्याचा. नागपुरातून निघालेली गाडी सपाटीवरच राहते असं नाही. जबलपूरकडे कुरईचा घाट आहे, छिंदवाड्याकडे सिल्लेवानीचा. उमरेडच्या खाणीतून कोळसा भरून निघणाऱ्या गाडीला तर खाणीच्या आतच चढ चढावा लागतो. त्यात नऊ टन पासिंगच्या गाडीवर चौदा-पंधरा टन माल. सात-एक्केचाळीसने दात तुटतात ही समजूत चुकीची होती. चाकाला लागणारी ताकद तीच असेल तर क्राऊनच्या दातावरचा जोरही तोच. सातवाला पिनियन जितका जास्त पीळ घेतो, तितकाच तो जाडही असतो. वाढीव भार पडतो पिनियनच्या अलीकडे, इंजिनच्या बाजूला : यू-जॉइंटवर, शाफ्टवर, गिअरबॉक्सवर आणि सर्वांत आधी क्लचप्लेटवर. भरल्या गाडीला चढावर उठवताना क्लच जळायचा आणि दोष ड्रायव्हरला दिला जायचा. तो अन्याय होता. रेशो रस्ता पाहून निवडला गेला. तो गाडीचं वजन आणि वाटेतला सर्वांत वाईट चढ पाहून निवडायला हवा होता.

पुढे हिशेबाचे आकडेच बदलले. नोव्हेंबर २००५ च्या न्यायालयीन निकालाने जादा भाराचे परवाने बंद झाले, तेव्हा सात-एक्केचाळीसवाल्यांची बाजू वर आली. २०१५ च्या नियमाने मालवाहू गाड्यांना ताशी ८० चा वेगमर्यादक आला. ८० ला जुना सहा-एक्केचाळीस टॉपमध्ये सुमारे २८५० फेरे मागतो, आणि जुन्या इंजिनांची मर्यादाच २८०० ची. मग जुलै २०१८ मध्ये दोन एक्सलच्या ट्रकचं कमाल वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेलं आणि तराजू पुन्हा सहाकडे झुकला. समृद्धीवर ट्रकला ८० चीच मर्यादा आहे, त्यामुळे त्या रस्त्यासाठी खास वेगळा रेशो लागतो ही चर्चा मला पटत नाही.

जोडणीची पद्धत मात्र फारशी बदललेली नाही. पिनियनचं बेअरिंग शिम (पातळ चकत्या) घालून कसायचं, क्राऊनचा खेळ, म्हणजे दातांमधली मोकळी हालचाल, पाव मिलिमीटरच्या आसपास आणायचा, दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावून फिरवायचं आणि ठसा दाताच्या मध्यावर येतो का ते पाहायचं. ठसा मुळाशी आला तर पिनियन फार आत गेलेला, शेंड्याला आला तर फार बाहेर. नागपूरच्या उन्हाळ्यात नव्वदऐवजी एकशेचाळीस नंबरचं तेल ओतायची सवय अनेकांना आहे. पण हायपॉइडला आधी दाब सोसणारं तेल लागतं, त्याचा घट्टपणा नंतर पाहायचा.

नव्या गाड्यांत एक अडचण वाढली आहे. पूर्वी रेशो बदलला की स्पीडोमीटरच्या केबलचा छोटा गिअर बदलून काटा जुळवता यायचा. आता वेग गिअरबॉक्सच्या सेन्सरवरून संगणकाकडे जातो आणि वेगमर्यादकही त्याच आकड्यावर चालतो. सहाच्या जागी सात बसवून तो आकडा दुरुस्त केला नाही, तर काटा ८० दाखवत असताना गाडी ९३ ने पळत असते.