समोरचा कॅमेरा आपल्या घरात डोकावत असेल तर: अर्ज कुठे, कसा, कोणती कागदपत्रं

सांगलीच्या गावभागात माझी आत्या राहते. बोळ इतका अरुंद की समोरच्या ओसरीवर उभ्या माणसाला इकडून ताट देता येतं. समोरच्यांनी चोरीच्या भीतीनं दारावर कॅमेरा बसवला आणि आत्यानं न्हाणीघराची खिडकी खिळे मारून बंद केली, ऐन उन्हाळ्यात. दाद कुठे मागायची हेच तिला माहीत नव्हतं.

आधी एक स्पष्ट करतो. बाजारात, एसटी स्टँडवर किंवा साताऱ्याच्या पोवई नाक्यावर आपण कुणाच्या चित्रणात आलो, एवढ्यानं गुन्हा होत नाही. जिथे खासगीपणाची अपेक्षा नसते अशा जागी बाईचा फोटो काढणं हे चोरून पाहण्याच्या कलमात बसत नाही, असं केरळ उच्च न्यायालयानं 2024 मध्ये म्हटलं आहे. तेवढं सोसावं लागतं.

न्हाणीघर, संडास, कपडे बदलायची खोली इथे मात्र अजिबात सोसू नका. तिथे बाईला चोरून पाहणं किंवा तिचं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी 1 ते 3 वर्षं कैद आणि दंड. बाई नको म्हणत असताना पुन्हा पुन्हा पाठलाग केला तर कलम 78. माहुलीच्या संगमावर किंवा कृष्णेच्या घाटावर पदराआड कपडे बदलणाऱ्या बाईचं अंग कुणी टिपलं, तर जागा सार्वजनिक असूनही माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66-ई लागू शकतं. या कलमाचं संरक्षण पुरुषांना आणि मुलांनाही आहे.

सामाईक वाड्यात भावाभावांत कुणी घराच्या आत कॅमेरा लावला, तर इतर सहहिस्सेदारांची संमती हवी, असा कलकत्ता उच्च न्यायालयाचा 2025 चा निकाल आहे. सर्वोच्च न्यायालयानं त्यात हस्तक्षेप केला नाही.

आता अर्ज. हेतू वाईट दिसत नसेल तर पहिलं पत्र शेजाऱ्यालाच द्या: कॅमेऱ्याची दिशा बदला किंवा प्रायव्हसी मास्क लावा. बऱ्याच डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रात, ही सोय असते. चित्राचा ठरावीक भाग काळा होतो. आत्याला त्यांच्या स्क्रीनवर आपल्या खिडकीच्या जागी काळा चौकोन दिसला, तेव्हा कुठे तिनं खिळे उपसले. ऐकलं नाही, तर दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागता येतो.

पण आंघोळीचं चित्रण झाल्याचा संशय असेल तर आधी पत्र देऊ नका. सावध झालेला माणूस फुटेज पुसतो. शिवाय डिस्क भरली की डीव्हीआर जुन्या चित्रणावर नवं चढवतो. म्हणून त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जा आणि अर्जात हे वाक्य घालाच: "डीव्हीआर ताब्यात घेऊन दिनांक अमुक ते अमुकचे फुटेज जतन करावे." हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवता येतो, म्हणजे कुठल्याही ठाण्यात नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठवतात. कलम 77 आणि 78 ची बाईची तक्रार महिला अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायची असते. एफआयआरची प्रत फुकट मिळते.

नोंद घेतली नाही, तर तोच अर्ज पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथेही काही झालं नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

सोबत ओळखपत्राची आणि पत्त्याच्या पुराव्याची झेरॉक्स, घटनेची तारीख-वेळ आणि कॅमेऱ्याचे फोटो घ्या. एक फोटो आपल्या खिडकीतून कॅमेऱ्याकडे, दुसरा बोळातून दोन्ही घरं दिसतील असा. हातानं काढलेला नकाशा चालतो, अंतर फुटांत लिहा. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरवू नका, दर्जा घटतो. मूळ फोन जपा. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं.

कॅमेरा नगरपालिकेचा, महापालिकेचा किंवा पोलिसांचा असेल तर माहिती अधिकार. कोणताही भारतीय नागरिक पात्र, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. एका अर्जात एकच विषय, साधारण 150 शब्दांत. उत्तराची मुदत 30 दिवस. तोवर चित्रण पुसलं जाऊ शकतं, म्हणून जतन करण्याचं पत्र वेगळं आणि आधी द्या.

वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज करा. बायकांना तिथे उत्पन्नाची अट नाही.