२.७ कुठं गेलं?

नागपूरच्या बर्डीवरच्या दुकानात जुना पीसी नेला की काउंटरवरचा पोरगा हमखास विचारतो, "भाऊ, लेटेस्ट टाकू का स्टेबल?" वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हे विचारावंच लागत नसे. मासिकासोबत आलेल्या सीडीवरचा लिनक्सच्या कर्नेलचा, म्हणजे गाभ्याचा, आकडा पाहायचा. मधला अंक सम असेल तर बिनधास्त टाका; विषम असेल तर ज्याला रात्र जागायची हौस आहे त्यानं टाकावं. नागपुरी भाषेत सांगायचं तर २.४ म्हणजे वाहतुकीची बाजू आणि २.५ म्हणजे सिमेंट रोडसाठी खोदलेली बाजू.

त्याआधीचे आकडे अंदाजपंचेच होते. १९९१ साली ०.०१ आलं. १९९२च्या सुरुवातीला ०.१२वरून थेट ०.९५वर उडी मारली, कारण १.० जवळ आलंय असं वाटलं. ते आलं मार्च १९९४मध्ये. मधल्या काळात ०.९९च्या मागे पॅचची, म्हणजे दुरुस्त्यांची, शेपटी वाढत राहिली. सम-विषमाची शिस्त त्यानंतरची.

ती शिस्त मोडली कशी, हे समजायला २.४ पाहावं लागतं. जानेवारी २००१ला आलेली ही 'सम' मालिका. त्याच वर्षी सप्टेंबरात, २.४.१०मध्ये, मेमरी सांभाळणारा गाभ्याचा भागच बदलला गेला. म्हणजे वाहतुकीच्या बाजूलाही कुदळ पडली होती. दुसरीकडे नोव्हेंबर २००१ला उघडलेल्या २.५मधून २.६ बाहेर यायला डिसेंबर २००३ उजाडला. दोन वर्षं थांबायला कोण तयार होणार? डिस्ट्रोवाल्यांनी, म्हणजे कर्नेलभोवती तयार लिनक्स बांधून देणाऱ्यांनी, २.५मधल्या गोष्टी आपापल्या २.४मध्ये ओढून आणल्या. त्यामुळे दोन डिस्ट्रोंमधलं '२.४' म्हणजे नावापुरतं एक आणि आतून भलतंच वेगळं, असं होऊन बसलं.

जुलै २००४मध्ये ओटावाला कर्नेलचे प्रमुख कारागीर जमले आणि ठरलं की २.७ उघडायचंच नाही. नवं काम २.६मध्येच होईल, घासूनपुसून लोकांपर्यंत पोचवायचं काम डिस्ट्रोंचं. लिहिणाऱ्यांच्या दृष्टीनं हे शहाणपणाचंच होतं. पण हा निर्णय बैठकीबाहेरच्यांना महागात पडला, असं मला आजही वाटतं. मूळ कर्नेल स्वतः कंपाइल करणारे, म्हणजे कोडपासून बांधून घेणारे लॅबवाले, एकटे सर्व्हर सांभाळणारे लोक यांच्या हातातली एकमेव खूण गेली. पुढच्या उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत 'मेक' ही कंपाइलची आज्ञा चालू ठेवून जेवायला जायचं आणि परतल्यावर काय तुटलंय ते पाहायचं, हा आमचा शिरस्ताच झाला.

पुरावा लगेच मिळाला. ऑगस्ट २००४ला २.६.८ आलं, त्यात नेटवर्कवरच्या फायलींच्या बाबतीत गंभीर चूक निघाली, आणि घाईघाईनं २.६.८.१ काढावं लागलं. चौथा आकडा असा घोड्यावरून आला. मार्च २००५मध्ये सम-विषम परत आणायचा प्रस्तावही पुढे आला, या वेळी तिसऱ्या अंकावर. वाद झाला, प्रस्ताव बारगळला. त्यातून निघालं ते २.६.११.१: प्रत्येक आवृत्तीमागे फक्त दुरुस्त्यांची छोटी मालिका. तिचं नाव ठेवलं 'स्टेबल', आणि गोंधळ पक्का झाला.

कारण या शब्दाचे दोन अर्थ आहेत. डेबियन या डिस्ट्रोवाला 'स्टेबल' म्हणतो तेव्हा त्याला 'न हलणारं' म्हणायचं असतं. त्यात जुनी उणीव असेल तर तीही मुक्कामाला राहते. दुकानातला पोरगा म्हणतो तेव्हा त्याला 'न लटकणारं' हवं असतं. मराठीत आपण दोन्हीला 'स्थिर' म्हणून मोकळे होतो. पहिल्याला स्थिर ठीक आहे. दुसऱ्याला 'भरवशाचं' म्हणावं. कर्नेलच्या स्टेबल मालिकेतली बहुतेक बिरुदं तर दोन-तीन महिन्यांत उतरतात, ती कसली स्थिर!

पुढे आकड्याचा अर्थ उरलाच नाही. जुलै २०११मध्ये २.६.३९नंतर ३.० आलं, कारण काय तर आकडे फार वाढले आणि प्रकल्पाला वीस वर्षं होत होती. आत क्रांती वगैरे काही नव्हती. पण '२.६' वाचायची सवय लागलेले प्रोग्राम अडखळले, आणि एका डिस्ट्रोनं ३.०ला चक्क २.६.४० म्हणून पाठवलं. ४.० (२०१५), ५.० (२०१९), ६.० (२०२२) ही सगळी त्याच चालीची. दोन आठवडे नवं काम आत घ्यायचं, सहा-सात-आठ आठवडे निस्तरायचं, सोडायचं. फायरफॉक्स ब्राउझरनंही २०११मध्येच मार्चला ४ आणि जूनला ५ काढून तोच रस्ता धरला. ऑफिसवाल्यांनी बोंब मारल्यावर २०१२मध्ये लांब मुदतीची वेगळी आवृत्ती द्यावी लागली. ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपनं सम-विषम बराच काळ पाळलं, मग २०२१ला ३.३८वरून थेट ४०.

आकड्यातून गेलेली हमी कॅलेंडरमध्ये गेली. उबुंटू या डिस्ट्रोनं २००४मध्ये ४.१० असा वर्ष-महिनाच आकडा केला, ६.०४ लांबलं तेव्हा इमानदारीत ६.०६ लिहिलं, आणि लांब मुदतीची पहिली आवृत्ती तीच. कर्नेलनंही निवडक आवृत्त्यांना सहा वर्षांपर्यंत आधार देऊन पाहिला, २०२३मध्ये तो पुन्हा दोन वर्षांवर आणायचं ठरलं, कारण राबणारे थकले.

बर्डीचा पोरगा आता पीसी परत देताना कॅबिनेटवर पांढरी पट्टी चिकटवतो. तिच्यावर आवृत्ती लिहीत नाही. स्केचपेननं लिहितो, "२०२९ पर्यंत".