दातांची झडप आणि खटक्याची झडप

ट्रेकला सॅकमध्ये पाण्याची मऊ पिशवी, म्हणजे ब्लॅडर, ठेवतात आणि तिच्या नळीतून पाणी पितात. या नळीतून सेकंदाला एक थेंब ही गळती बघताना किरकोळ वाटते. वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर धरला, तर तासाला 180 मिलिलिटर पाणी जातं. तंबूत झोपल्यावर आठ तासांत जवळजवळ दीड लिटर. म्हणजे दोन लिटरच्या ब्लॅडरमधलं पाऊण पाणी सॅकमध्ये, कपड्यांत आणि स्लीपिंग बॅगमध्ये मुरतं, आणि दुसऱ्या दिवशी पाणी नसलेल्या डोंगरधारेवर त्याचा हिशोब द्यावा लागतो. असं झालं की लोक ब्लॅडरला दोष देतात. पिशवी मात्र बहुतेक वेळा ठणठणीत असते. गळतं ते नळीचं टोक, तोंडात धरायचा तो सिलिकोनचा बाइट व्हॉल्व्ह.

बाइट व्हॉल्व्ह हा मऊ सिलिकोनचा पोकळ तुकडा. त्याच्या टोकाच्या पडद्याला एक बारीक, सरळ चीर दिलेली असते. पूर्वी सुट्या पैशांसाठी रबराचं अंडाकृती पाकीट मिळायचं. दोन टोकांना दाबलं की त्याची फट उघडायची आणि सोडलं की मिटायची. इथेही तेच घडतं. दाताचा दाब चिरेच्या लांबीच्या दिशेने पडला, तर चिरेचे दोन्ही ओठ बाहेर बाक घेतात आणि वाट मोकळी होते. तोच दाब आडवा पडला तर ओठ उलट घट्ट मिटतात. चावूनही पाणी येत नसेल तर व्हॉल्व्ह तोंडातल्या तोंडात पाव फेरा फिरवून बघावा. नव्या व्हॉल्व्हमध्ये आणखी एक अडचण येते. ताजे कापलेले सिलिकोनचे ओठ एकमेकांना चिकटून बसतात. चिरेची दोन टोकं बोटांच्या चिमटीत धरून पाच-सहा वेळा दाबली की ते सुटतात. यासाठी सुरी किंवा सुई घालू नका. सिलिकोन ताणाला दमदार असलं तरी फाटण्याला फार कच्चं असतं. चिरेच्या टोकाला लहानसा छेद गेला की तो प्रत्येक चाव्याबरोबर पुढे सरकतो, आणि असा व्हॉल्व्ह पुन्हा कधीच पूर्ण मिटत नाही.

दात सोडल्यावर चीर बंद ठेवतो तो फक्त सिलिकोनचा लवचीकपणा. त्याच्यासमोर काय उभं आहे ते आकड्यांत पाहू. पाण्याच्या दर 10 सेंटिमीटर उंचीला सुमारे 1 किलोपास्कल दाब तयार होतो. भरलेल्या दोन लिटरच्या ब्लॅडरमधली पाण्याची पातळी खांद्याच्या जवळपास असते आणि व्हॉल्व्ह छातीवर, तिच्यापेक्षा 15-20 सेंटिमीटर खाली. एकदा घोट घेऊन नळी पाण्याने भरली की तिचा सायफन होतो, म्हणजे पाणी न ओढताही खाली वाहू बघतं, आणि दीड ते दोन किलोपास्कलचा दाब चिरेवर सतत बसतो. एवढं चांगला व्हॉल्व्ह सहज पेलतो. पडदा पाण्याच्या बाजूला फुगीर असेल तर उलट पाण्याचा दाबच ओठांना एकमेकांवर रेटतो. सपाट किंवा बाहेरच्या बाजूला फुगीर पडद्यावर तोच दाब चीर उघडायला बघतो.

खरी गडबड सॅक पाठीवरून उतरल्यावर होते. एसटीच्या रॅकवर सॅक आडवी ठेवली आणि नळी खाली लोंबली, तर पाण्याची उंची अर्धा मीटर झाली, म्हणजे दाब 5 किलोपास्कल. सॅकमधलं 10 किलो सामान ब्लॅडरच्या 300 चौरस सेंटिमीटर भागावर रेलत असेल, तर त्यात आणखी 3 किलोपास्कलहून अधिक भर पडते. त्यातच व्हॉल्व्ह कशाखाली तरी चेमटला, आणि तोही नेमका चिरेच्या लांबीच्या दिशेने, तर दातांचं काम सामानाने केलं. सॅकची बकल, शेजाऱ्याचा बूट, झोपेत आलेलं कोपर, काहीही पुरतं. व्हॉल्व्हला चावणारं कोण, हे सिलिकोनला कळत नाही. म्हणून चिरेच्या मागे दुसरी, हाताने बंद करायची झडप लागते. तोच शट-ऑफ.

ही गरज पहिल्या दिवसापासून होती. 1989 मध्ये ‘कॅमलबॅक’ या पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीची कल्पना टेक्सासमधल्या विचिटा फॉल्सच्या ‘हॉटर अँड हेल हंड्रेड’ या सायकल शर्यतीतून आली. रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या मायकेल आयडसन यांनी सलाइनची पिशवी लांब मोज्यात घालून जर्सीच्या पाठीत बसवली, नळी खांद्यावरून पुढे घेतली आणि कपड्यांच्या चिमट्याने अडकवली. पाणी पाठीवर वाहून नेण्याचा प्रश्न तिथे सुटला; नळीच्या टोकाशी ते धरून ठेवण्याचा प्रश्न पुढची अनेक वर्षं सोडवला जात राहिला.

आज शट-ऑफ मुख्यतः चार प्रकारचे मिळतात. खटक्याच्या प्रकारात भोक पाडलेला एक छोटा दंडगोल असतो. खटका 90 अंश फिरवला की भोक नळीच्या रेषेतून हटतं. प्लंबर ज्याला क्वार्टर-टर्न कॉक म्हणतात, त्याचीच ही प्लास्टिकची धाकटी आवृत्ती. माझ्या मते ट्रेकसाठी हाच सर्वांत भरवशाचा, कारण तो उघडा आहे की बंद, हे खटक्याची दिशा पाहून किंवा हातमोज्यातून चाचपूनही कळतं. दुसऱ्या प्रकारात व्हॉल्व्हचं डोकंच पिळून बंद करतात. ते आटोपशीर असतं, पण अर्धवट पिळलेलं ओळखू येत नाही, आणि पाणी कमी येतंय म्हणून माणूस उगाच जोर लावून ओढत राहतो. नेलपॉलिशने दोन्ही भागांवर जुळणारी रेघ मारून ठेवली की ही अडचण मिटते. तिसरा प्रकार सिपर बाटलीसारखा ओढा-ढकला. तो स्वस्त आणि साधा असतो, पण खांद्याच्या पट्ट्याला घासून आपोआप उघडतो. चौथा म्हणजे नळीला बाहेरून आवळणारा चिमटा, सलाइनच्या नळीवर असतो तसा. तो पाण्याला शिवत नाही, त्यामुळे त्यात बुरशीला जागाच नाही. त्याची खोट एवढीच की एकाच जागी महिनोन्‌महिने आवळलेली नळी तिथे कायमची चपटी होते. चिमटा दर वेळी दोन-तीन सेंटिमीटर पुढे-मागे सरकवत राहावा.

टोकावर बसणारी प्लास्टिकची टोपी शट-ऑफमध्ये मोजू नका. ती धूळ आणि शेण-चिखल अडवते, आणि तेवढ्यासाठी ती हवीच. दाबाखालचं पाणी ती अडवत नाही.

शट-ऑफ लावला की ओढायला जड जातं, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती थोडी खरी आहे. 6 मिलिमीटर व्यासाच्या, एक मीटर लांब नळीतून सेकंदाला 14 मिलिलिटर पाणी ओढायचं, तर घर्षणापोटी पाऊण ते एक किलोपास्कल खर्च होतात. शट-ऑफचं भोक 4 मिलिमीटर असेल तर आणखी अर्धा-पाऊण. पण ब्लॅडर तळाला गेलं की पाणी 50 सेंटिमीटर वर चढवायला एकट्या उंचीचेच 5 किलोपास्कल लागतात. दुपारनंतर ओढायला जड जातं त्याचं मोठं कारण ही उतरलेली पातळी. त्यावर उपाय म्हणजे ब्लॅडर सॅकमध्ये वरच्या हुकाला टांगणं. खाली घसरून गोळा झालेलं ब्लॅडर उंचीही वाढवतं आणि नळीला मुरडही घालतं.

पिशवीतली हवा हा वेगळा विषय आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष होतं. मुंबईत भरलेल्या ब्लॅडरमध्ये 300 मिलिलिटर हवा राहिली असेल, तर महाबळेश्वरच्या उंचीवर, सुमारे 1,350 मीटरवर, ती साधारण 350 मिलिलिटर होते. विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब सुमारे 2,400 मीटर उंचीइतका खाली येऊ शकतो. तिथे तीच हवा 400 पर्यंत जाते. ठासून भरलेल्या सॅकमध्ये पिशवीला फुगायला जागा नसते, मग वाढलेली हवा पाण्याला नळीतून बाहेर ढकलते. भरल्यानंतर झाकण लावायचं, ब्लॅडर उलटं धरायचं म्हणजे नळीचं तोंड वर येतं, आणि पाणी ओठांना लागेपर्यंत हवा ओढून घ्यायची. मग खटका बंद. चालताना डुचमळण्याचा आवाजही त्याने थांबतो.

खटका बंद केला म्हणून दाब नाहीसा होत नाही, तो फक्त व्हॉल्व्हपर्यंत पोहोचत नाही. 60 किलोचा माणूस सॅकवर बसला आणि ते वजन ब्लॅडरच्या 600 चौरस सेंटिमीटरवर आलं, तर 10 किलोपास्कल दाब होतो. अशा वेळी नळी शट-ऑफच्या दातेरी तोटीवरून निसटते, किंवा पिशवीला नळी जोडली जाते तिथल्या ओ-रिंगमधून, म्हणजे रबराच्या गोल कडीतून, पाणी सुटतं. तोटीवर सैल झालेली नळी टोकाकडून एक सेंटिमीटर सरळ कापावी, कडक गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवून मऊ करावी आणि सगळे दाते झाकले जाईपर्यंत वर चढवावी.

गळती नेमकी कुठे आहे ते घरी पंधरा मिनिटांत कळतं. भरलेलं ब्लॅडर दाराच्या कडीला किंवा खिडकीच्या गजाला असं टांगा की व्हॉल्व्ह पाण्याच्या पातळीपासून एक मीटर खाली येईल. आधी एक घोट घेऊन नळी भरून घ्या. व्हॉल्व्हखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवा, खटका बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. कागद ओला झाला तर दोष खटक्याच्या ओ-रिंगचा किंवा जोडाचा. कोरडा राहिला तर खटका उघडा आणि आणखी पाच मिनिटं पाहा. आता दोन-चार थेंब पडले तर घाबरायचं कारण नाही, 10 किलोपास्कल ही चिरेसाठी कडक परीक्षा आहे. धार लागली तर सिलिकोनचा तुकडा काढून धुवा. अनेकदा चिरेत वाळूचा कण, केस किंवा चिवड्याचा तुकडा अडकलेला सापडतो. धुऊनही गळत असेल तर चीर फाटली आहे, तुकडा बदला. सगळा व्हॉल्व्ह घ्यावा लागत नाही, बऱ्याच कंपन्यांचा सिलिकोनचा भाग सुटा मिळतो. घेताना नळीचा आतला व्यास मोजून घ्या.

शट-ऑफमुळे स्वच्छतेचं काम वाढतं, हे मान्य करायला हवं. लिंबू सरबत, ओआरएस किंवा ग्लुकोजचं पाणी खटक्याच्या दंडगोलाभोवती साचतं, तिथे आधी चिकट थर आणि मग काळी बुरशी धरते. खटका जड फिरू लागला तर हा थर आधी आठवावा. प्रत्येक ट्रेकनंतर सिलिकोन ओढून वेगळं करावं, एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा घालून सगळे भाग अर्धा तास बुडवावेत, मऊ बारीक ब्रशने चिरेच्या आतून आणि खटक्याच्या भोकातून घासावं, आणि खटका उघडा ठेवूनच वाळवावं. नुसतं सिलिकोन पाच मिनिटं उकळलं तरी चालतं. प्लास्टिकचा खटका उकळू नये, तो वाकडा होतो. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. ओ-रिंगला वंगण हवंच असेल तर औषधाच्या दुकानातल्या ग्लिसरीनचा एक थेंब पुरे. ओ-रिंग कोणत्या रबराची आहे हे बाहेरून कळत नाही, आणि व्हॅसलीन किंवा सिलिकोन ग्रीस काही रबरांना फुगवतं. ग्लिसरीन सहसा कोणालाच त्रास देत नाही.

लडाखसारख्या थंडीत सगळ्यात आधी गोठतं ते नळीतलं आणि व्हॉल्व्हमधलं पाणी, कारण तिथे पाणी कमी आणि बाहेरचा पृष्ठभाग जास्त. नळीत जेमतेम 28 मिलिलिटर पाणी असतं. प्रत्येक घोटानंतर व्हॉल्व्ह दातात तसाच धरून ते फुंकून पिशवीत परत ढकलावं, आणि फुंकर संपायच्या आत खटका बंद करावा, म्हणजे नळीत हवा राहते आणि पाणी पुन्हा उतरत नाही. खटका गोठून घट्ट बसला तर जोर लावू नका, थंडीत प्लास्टिक ठिसूळ होतं. जॅकेटच्या आत, छातीशी धरून तो मोकळा होऊ द्या. उन्हाळ्यातही हीच युक्ती चालते. उन्हात तापलेलं नळीतलं पाणी फुंकून मागे घातलं की पुढचा घोट पिशवीतला थंड येतो.

वाटेत खटकाच तुटला तर नळी व्हॉल्व्हच्या मागे एका वितीवर दोनदा मुडपा, दोन्ही मोडी एकमेकींवर दाबा आणि वरून जाड रबर बँडचे तीन-चार घट्ट वेढे द्या. मुडपलेलं टोक सॅकच्या वरच्या पट्ट्याला, पाण्याच्या पातळीपेक्षा उंच बांधा. पातळीच्या वर असलेल्या टोकापर्यंत पाणी स्वतःहून चढत नाही, त्यामुळे मोड थोडी सैल पडली तरी चालतं.