बोटांवरचा अपूर्णांक

लहानपणी सुट्टीत कुणीतरी आत्या किंवा मावशी आपली बोटं हातात धरून शंख किती, चक्रं किती ते मोजायची आणि चक्रं जास्त निघाली की राजयोग आहे म्हणायची. राजयोगाचं सोडा, पण बोटांवरची चक्रं मोजण्याचा उद्योग पोलीस खात्यानेही केला आहे आणि त्यातून गुन्हेगार सापडले आहेत.

बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच, साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उमटतात. गर्भाच्या बोटाची वाढ आणि त्यावर पडणारा दाब इतका बारीकसारीक बदलत असतो की जुळ्या भावंडांचेही ठसे एकसारखे येत नाहीत. बंगालमधल्या विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने १८५८ मध्येच एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला होता. पण पोलिसांची अडचण वेगळी होती. पकडलेला माणूस खोटं नाव सांगतो आणि दफ्तरात हजारो कागद पडलेले. त्याचा जुना कागद काढायचा कसा?

उत्तर कलकत्त्यात निघालं. आता स्वतःचे दोन्ही हात समोर धरा. आधी उजवा हात अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, मग डावा हात तसाच, या क्रमाने दहा बोटांच्या पाच जोड्या पाडा. पहिल्या जोडीची किंमत १६, मग ८, ४, २ आणि १. बोटावर चक्र असेल तरच ती किंमत धरायची, एरवी शून्य. जोडीतल्या दुसऱ्या बोटांची बेरीज वर, पहिल्या बोटांची खाली, आणि दोन्हींत एकेक मिळवायचा. एकही चक्र नसेल तर १/१. फक्त उजव्या अंगठ्यावर असेल तर १/१७. दहाही बोटांवर असेल तर ३२/३२. म्हणजे ३२ गुणिले ३२, एकूण १०२४ कप्पे. नाव काहीही सांगा, बोटं आपला कप्पा स्वतःच दाखवतात. १/१ च्या कप्प्यात गर्दी फार होते, म्हणून त्याचे पुढे पोटभाग पाडत.

ही आकडेमोड अझीझुल हक यांची. त्यांच्या जोडीला हेमचंद्र बोस होते. दोघेही एडवर्ड हेन्री या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करत, त्यामुळे पद्धतीवर पाटी लागली ती साहेबाची. १८९७ मध्ये कलकत्त्यात जगातल्या पहिल्या अंगुलीमुद्रा केंद्रांपैकी एक सुरू झालं. लंडनच्या स्कॉटलंड यार्डात ते १९०१ मध्ये आलं, म्हणजे आपल्या मागून.

१८९८ च्या सुमारास जलपायगुडीच्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. कागदपत्रांत एक बंगाली पंचांग सापडलं, त्यावर बोटाचा तपकिरी डाग. तो ठसा पूर्वी चोरीत शिक्षा झालेल्या नोकराच्या अंगठ्याशी जुळला. न्यायालयाने त्याला या घरातल्या चोरीसाठी दोषी धरलं, खुनासाठी नाही. मला हा निकाल फार शहाणपणाचा वाटतो. हे बोट इथे लागलं होतं, एवढंच ठसा सांगतो. का लागलं, हे दुसऱ्या पुराव्याने सिद्ध करावं लागतं.

आज कपाटांची जागा संगणकाने घेतली आहे. २०२२ पासून ‘नाफिस’ या यंत्रणेत देशभरातले ठसे एकत्र शोधता येतात. पण यंत्र ‘हाच तो’ म्हणत नाही, मिळत्याजुळत्यांची यादी देते. शेवटचा शब्द भिंग घेऊन बसलेल्या ठसेतज्ज्ञाचा, आणि तज्ज्ञ चुकतो. २००४ च्या माद्रिद बॉम्बस्फोटांनंतर अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने पिशवीवरचा ठसा ओरेगॉनच्या एका वकिलाचा ठरवून त्याला डांबलं. स्पॅनिश पोलिसांना तो ठसा दुसऱ्याच माणसाचा निघाला. एकदा एकाने जुळवलं की पुढच्यालाही तेच दिसू लागतं. म्हणून पडताळणी करणाऱ्याला पहिल्याचं मत आधी कळू नये, हे बरं.

घटनास्थळी काम आणखी नाजूक असतं. घामाचा ठसा डोळ्यांना दिसत नाही. काचेच्या पेल्यावर मऊ कुंचल्याने बारीक भुकटी फिरवतात, ती ओल्या रेषांना चिकटते, मग चिकटपट्टीवर उचलून घेतात. कागदावर निनहायड्रिन नावाचं रसायन लावतात. घामातल्या अमिनो आम्लांशी त्याची क्रिया होऊन जांभळा ठसा उमटतो. वीटभट्टीवर किंवा सिमेंटमध्ये राबणाऱ्यांच्या बोटांवर मात्र रेषाच झिजलेल्या असतात. रेशनच्या दुकानात ‘अंगठा लागत नाही’ म्हणून ताटकळणाऱ्या म्हाताऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. तज्ज्ञ पोचेपर्यंत मात्र निम्मी आळी दाराची कडी धरून आत डोकावून गेलेली असते, कपाट उघडून ‘काय काय गेलं’ ते बघून झालेलं असतं. मग ओळखीचे ठसे आधी वेगळे काढावे लागतात. त्यामुळे चोरी झालेल्या घरात पहिल्यांदा बोटांचे ठसे द्यावे लागतात ते घरच्यांनाच.