सबवूफरमधील हमिंग

सबवूफरमधील हमिंग : गाणे किंवा चित्रपट बंद असतानाही सबवूफरमधून, म्हणजे खर्जातले स्वर वाजवणाऱ्या स्पीकरमधून, अखंड येत राहणारा ‘घूंऽऽ’ असा खर्जातला आवाज. दुरुस्तीच्या दुकानांत त्याला ‘हमिंग’ किंवा नुसते ‘हम’ म्हणतात. भारतात घरगुती वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्‌झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची असते. सबवूफर साधारण २० ते २०० हर्ट्‌झ या पट्ट्यातले स्वर वाजवण्यासाठीच बनवलेला असतो, त्यामुळे विजेची ही गुणगुण नेमकी त्याच्या हद्दीत येते. टीव्हीच्या छोट्या स्पीकरपर्यंत ती पोचली तरी ऐकू येत नाही, कारण एवढा खर्ज त्याला काढताच येत नाही. त्यामुळे दोषाचे खापर सबवूफरवर फुटते. बहुतेक वेळा बिघाड त्याच्यात नसतो. त्याच्यापर्यंत येणाऱ्या तारांत आणि घराच्या अर्थिंगमध्ये असतो.

हमिंगची पट्टी ओळखता आली तर निम्मे निदान होते. बाहेरून शिरलेला हम ५० हर्ट्‌झचा असतो. आतल्या पॉवर सप्लायचा हम १०० हर्ट्‌झचा, म्हणजे बरोबर एक सप्तक वरचा असतो, कारण रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारा भाग) विजेच्या लाटेचे दोन्ही अर्धे भाग वापरतो. जुना कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) डोक्यावर फुगला किंवा सुकला, की ही १०० ची घरघर वाढत जाते. गाण्याचा कान असलेल्या माणसाला हा फरक सहज कळतो. तिसरा प्रकार निव्वळ यांत्रिक असतो: ट्रान्सफॉर्मरचा गाभाच थरथरतो. अशा वेळी व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी आवाज तसाच राहतो, आणि मागच्या प्लेटवर तळहात ठेवला तर थरथर हाताला लागते. स्पीकरचा पुढचा पडदा मात्र स्तब्ध असतो.

सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे ‘ग्राउंड लूप’, अर्थिंगचे कडे. अँप्लिफायर एका स्विचबोर्डवर आणि खोलीच्या कोपऱ्यातला सबवूफर दुसऱ्या बोर्डवर, अशी मांडणी घ्या. दोघांचेही प्लग थ्री पिन असतील तर दोन्ही उपकरणे अर्थिंगच्या तारेने आधीच एकमेकांना जोडलेली असतात; त्यांच्यात आरसीए केबल (आवाजाचा संदेश नेणारी, मधे पिन आणि भोवती कडे असलेल्या प्लगची तार) लावली की दुसरा रस्ता तयार होतो आणि कडे पूर्ण होते. फ्रिज, गीझर यांच्यातून अर्थिंगमध्ये थोडा प्रवाह सतत गळत असतो. त्यामुळे दोन बोर्डांच्या अर्थमध्ये विद्युतदाबाचा (व्होल्टेजचा) किंचित फरक राहतो, आणि तो फरक केबलच्या बाहेरच्या जाळीतून प्रवाह ढकलतो. आरसीए केबलमध्ये हीच जाळी संगीताच्या संदेशाचीही परतीची वाट असते. समजा, जाळीचा रोध ०.१ ओहम आहे आणि तीतून १० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आहे. तर १ मिलिव्होल्टचा हम संदेशात मिसळला. संदेश स्वतः सुमारे ३०० मिलिव्होल्टचा असतो. हे प्रमाण क्षुल्लक वाटते, पण रात्रीच्या शांततेत, गेन (संदेश किती वाढवायचा ती मात्रा) वर असताना, ते पुरते.

कडे नेहमी दोन प्लगांतूनच बनते असे नाही. केबल टीव्हीच्या किंवा डिश अँटेनाच्या वायरची जाळी गच्चीवर वा जिन्यात भलत्याच ठिकाणी जमिनीला जोडलेली असते. तीच सेट-टॉप बॉक्समधून अँप्लिफायरपर्यंत येते. माझ्या मते होम थिएटरमध्ये हम आला तर पहिला संशय या वायरवरच घ्यावा.

खोलीचाही यात वाटा असतो आणि तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ५० हर्ट्‌झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे ६.९ मीटर असते. तिचा अर्धा भाग म्हणजे साधारण ३.४ मीटर, जवळजवळ ११ फूट. फ्लॅटमधल्या कितीतरी खोल्यांची एक बाजू एवढीच असते. अशा खोलीत हम त्या दोन भिंतींपाशी घुमतो आणि मधोमध जवळपास नाहीसा होतो. सोफा भिंतीला टेकलेला असतो, म्हणून घरच्यांना त्रास होतो. तपासायला आलेला मेकॅनिक खोलीच्या मध्यावर उभा राहून ‘काहीच ऐकू येत नाही’ म्हणतो. दोघेही खरेच बोलत असतात.

शोध घेण्याची रीत एकच: एकेक जोडणी काढत जाणे, आणि दर वेळी काढण्या-लावण्याआधी सबवूफर बंद करणे. आधी सबवूफरची आरसीए केबल काढून फक्त विजेवर तो चालू करावा. हम राहिला तर बिघाड आत आहे. थांबला तर केबल पुन्हा लावून अँप्लिफायरला जोडलेली बाकीची उपकरणे एकामागून एक सोडवावीत. टीव्हीची वायर काढताच शांतता झाली तर कारण सापडले. हम एकाएकी आणि मोठ्याने सुरू झाला असेल तर आधी आरसीएचा प्लग पाहावा. त्याची मधली पिन बाहेरच्या कड्यापेक्षा लांब असते. प्लग अर्धवट निसटला की कडे सुटते, पिन आत राहते आणि सबवूफर गर्जू लागतो. सैल कडे पक्कडीने किंचित दाबले तरी हा दोष जातो.

उपाय कारणानुसार ठरतो. अँप्लिफायर आणि सबवूफर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतले की पुष्कळदा काम होते. टीव्हीचा आवाज अँप्लिफायरकडे ऑप्टिकल केबलने नेला तर तेवढी जोडणी कड्यातून सुटते, कारण प्रकाशातून विजेचा प्रवाह वाहत नाही. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली टॉसलिंक ती हीच. आरसीएच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरही (तारांची थेट जोडणी तोडून फक्त संदेश पुढे नेणारा) घालता येतो, मात्र स्वस्तातला घेतला तर तो हमबरोबर खालचा बासही खातो. सबवूफरची केबल विजेच्या वायरला समांतर, एकाच गुंडाळीत बांधू नये; ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी. प्लग टू पिनचा असेल तर तो उलटा लावून पाहावा, कधीकधी तेवढ्याने हम उतरतो.

थ्री पिन प्लगची मोठी पिन कापणे किंवा तिची तार सोडणे हा उपाय सर्रास सुचवला जातो, आणि त्याने कडे तुटून हम बहुधा थांबतोही. तरीही तो कधीच करू नये. आत फेजची तार सुटून धातूच्या प्लेटला टेकली तर तो प्रवाह सुखरूप जमिनीत नेणारी वाट तीच असते. ती तोडली तर केबल काढायला पाठीमागे हात घालणाऱ्याला शॉक बसतो. प्लेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरात अर्थिंग नाही किंवा तुटले आहे असे समजून वायरमनला बोलवावे. जुन्या इमारतींत मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडून त्याचा रोध वाढतो. त्यात पाणी ओतण्याची रीत त्यासाठीच आहे.

बिघाड आतच निघाला तर कपॅसिटर बदलणे हे जाणत्या मेकॅनिकचे काम आहे. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ विद्युतभार साठून राहतो, म्हणून मागची प्लेट घरी उघडू नये.