एबेनेझर बाप्टिस्ट चर्च, अटलांटा

एबेनेझर बाप्टिस्ट चर्च : अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात ऑबर्न ॲव्हेन्यूवर असलेली कृष्णवर्णीय बाप्टिस्ट मंडळी. स्थापना १८८६. जवळपास एकशेचाळीस वर्षांत या मंडळीला मुख्य पाळक लाभले ते अवघे पाच : जॉन पार्कर, ॲडम डॅनियल विल्यम्स, मार्टिन ल्यूथर किंग सीनियर, जोसेफ रॉबर्ट्स आणि राफाएल वॉर्नॉक. या यादीत मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर यांचे नाव नाही, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटते. जगभर हे ‘किंग यांचे चर्च’ म्हणून ओळखले जात असले तरी किंग ज्युनियर इथे सह-पाळक होते आणि मुख्य पाळक त्यांचे वडील होते. किंग यांना घडवणारी ही मंडळी त्यांच्या जन्माच्या चाळीसहून अधिक वर्षे आधी उभी राहिली होती. तिच्या पाळकांची परंपरा पाहिल्याशिवाय किंग यांचे सार्वजनिक जीवन पुरते उमगत नाही.

चर्चचे नाव बायबलच्या जुन्या करारातले आहे. पलिष्ट्यांवर विजय मिळाल्यावर शमुवेलाने एक दगड उभा केला आणि त्याला एबन-एजर, म्हणजे साहाय्याचा पाषाण, असे नाव दिले. परमेश्वराने इथवर साथ दिली, याची ती खूण होती. मंडळी स्थापन झाली तेव्हा अमेरिकेतले यादवी युद्ध संपून गुलामगिरीचे जोखड उतरल्याला जेमतेम एकवीस वर्षे झाली होती. मंडळीतल्या थोरांनी ते जोखड स्वतःच्या मानेवर वागवले होते. ‘इथवर’ या शब्दाचे वजन त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

बाप्टिस्ट पंथाची एक रीत इथे ध्यानात घ्यायला हवी. या पंथात बिशप नसतो आणि वरून कोणी पाळक नेमून पाठवत नाही. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र असते. ती आपला पाळक आपणच बोलावते, त्याचा पगार आपणच देते आणि कारभारासाठी आपल्यातूनच डीकन निवडते. बाप्तिस्माही तान्ह्या बाळाला देत नाहीत. ज्याला समज आली आहे आणि जो आपल्या तोंडाने विश्वास कबूल करतो, त्याला पाण्यात पूर्ण बुडवून तो दिला जातो. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या दृष्टीने या स्वायत्ततेला धर्माइतकाच व्यवहारातही अर्थ होता. शिक्षक, मोलकरीण, गिरणीतला मजूर या सगळ्यांची भाकरी गोऱ्या मालकाच्या किंवा सरकारच्या हातात होती. तोंड उघडले की काम गेलेच. पाळकाचा पगार मात्र मंडळीच्या दानपेटीतून येई, त्यामुळे त्याला कामावरून काढणे गोऱ्या मालकाच्या हातात नव्हते. मतदानाच्या हक्कासाठी, शाळांसाठी, पगारासाठी पुढे आलेले लोक इतक्या वेळा पाळकच का असत, याचे एक मोठे कारण हे आहे.

पार्कर यांच्यानंतर १८९४ मध्ये ॲडम डॅनियल विल्यम्स आले. त्यांचा जन्म जॉर्जियातल्याच ग्रीन काउंटीत, गुलामगिरीच्या अखेरच्या वर्षांत झाला. वडील विलिस हे स्वतः गुलाम होते आणि गुलामांमध्ये उपदेश करीत. लहानपणी विल्यम्स मेलेल्या प्राण्यांच्या अंत्यविधीचे उपदेश करीत, अशी आठवण सांगितली जाते. वस्तीत मांजर मेले, कुत्रा मेला, साप जरी मेला तरी पोरे त्यांना बोलावून आणत आणि हा मुलगा त्या जिवासाठी गंभीरपणे चार शब्द बोले. एबेनेझर त्यांच्या हाती आले तेव्हा मंडळीत केवळ १३ सभासद होते. १९०३ पर्यंत हा आकडा ४००च्या घरात गेला. शहरात नव्याने आलेल्या, फारसे न शिकलेल्या कष्टकऱ्यांना त्यांनी जवळ केले आणि मंडळी वाढली ती मुख्यतः याच लोकांमुळे.

विल्यम्स यांचे काम चर्चच्या भिंतींत मावणारे नव्हते. १९०६ मध्ये अटलांटात गोऱ्या जमावांनी कृष्णवर्णीयांवर हल्ले चढवले आणि अनेकांचे जीव गेले. त्यानंतरच्या काळात कृष्णवर्णीयांची दुकाने आणि वस्ती ऑबर्न ॲव्हेन्यूच्या आसऱ्याने एकवटत गेली. विल्यम्स यांनी याच रस्त्यावर, जॅक्सन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर जागा घेतली. बांधकाम १९१४ मध्ये सुरू झाले आणि पुरे व्हायला १९२२ उजाडले. लाल विटांची ही इमारत पैसा जमेल तशी वर चढत गेली. याच काळात ते एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेच्या अटलांटा शाखेचे अध्यक्षही होते. कृष्णवर्णीय मुलांसाठी शहरात एकही सार्वजनिक माध्यमिक शाळा नव्हती आणि शाळांसाठी कर्जरोखे काढताना त्यांचा विचार होत नसे. ज्यांना मत देता येत होते अशा कृष्णवर्णीयांनी या प्रस्तावांच्या विरोधात मतदान केले आणि ते पाडले. अखेर १९२४ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूल सुरू झाले. त्या लढ्याच्या पुढाऱ्यांत विल्यम्स होते. पुढे त्यांचा नातू त्याच शाळेत शिकला.

१९३१ च्या मार्चमध्ये विल्यम्स वारले आणि मंडळीने त्यांच्या जावयाला बोलावले. हा जावई म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग सीनियर, लोकांच्या तोंडी ‘डॅडी किंग’. स्टॉकब्रिजजवळ वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबात १८९७ मध्ये जन्मलेल्या या मुलाचे नाव मुळात मायकेल होते. तो शहरात आला तेव्हा शिक्षण जेमतेम होते. वयाने मोठा असूनही खालच्या वर्गात बसून त्याने शाळा पुरी केली आणि मग मोअरहाउस कॉलेजातून पदवी घेतली. १९२६ मध्ये विल्यम्स यांची एकुलती मुलगी अल्बर्टा हिच्याशी त्याचे लग्न याच चर्चमध्ये झाले. १९३४ मध्ये बर्लिनला बाप्टिस्टांच्या जागतिक परिषदेला जाऊन आल्यावर किंग यांनी स्वतःचे आणि थोरल्या मुलाचे नाव मायकेलऐवजी मार्टिन ल्यूथर केले.

मंदीच्या ऐन तडाख्यात त्यांनी मंडळीची घडी बसवली आणि सभासदांची संख्या काही शेकड्यांवरून हजारांवर नेली. १९३० च्या दशकात मतदानाच्या हक्कासाठी त्यांनी लोकांना घेऊन अटलांटाच्या नगरभवनावर मोर्चा नेला. कृष्णवर्णीय शिक्षकांना गोऱ्या शिक्षकांइतका पगार मिळावा, म्हणूनही ते वर्षानुवर्षे झगडले. मुलाने त्यांच्याबद्दल लिहिलेला एक प्रसंग बोलका आहे. गाडी अडवणाऱ्या पोलिसाने त्यांना ‘पोरा’ म्हणून हाक मारली, तेव्हा त्यांनी शेजारी बसलेल्या मार्टिनकडे बोट दाखवले : पोर हा आहे, मी पुरुष आहे.

या इतिहासात अल्बर्टा विल्यम्स किंग यांना मिळते त्याहून पुष्कळ अधिक जागा मिळायला हवी. पाळकाची मुलगी, पाळकाची पत्नी आणि दोन पाळकांची आई असलेल्या अल्बर्टा ऑर्गन वाजवत, गायनवृंद बसवत आणि उपासनेचा सूर सांभाळत. १९३९ च्या डिसेंबरात ‘गॉन विथ द विंड’चा पहिला खेळ अटलांटात झाला. त्यानिमित्त गोऱ्यांनी भरवलेल्या मेजवानीत एबेनेझरच्या गायनवृंदाला गुलामांचे वेश घालून गायला लावले गेले. दहा वर्षांचा मार्टिन त्या वृंदात होता. चित्रपटातल्या कृष्णवर्णीय नटांना मात्र त्या खेळाला येता आले नाही. वृंदाला तिथे जाऊ दिले म्हणून शहरातल्या बाप्टिस्ट पाळकांनी किंग सीनियर यांना धारेवर धरले. वडिलांच्या निर्भयतेच्या गोष्टी सांगताना हा प्रसंग गाळू नये. त्या शहरात ताठ उभे राहणे रोज सारखे जमत नसे, हे त्यातून दिसते.

किंग ज्युनियर यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ रोजी, चर्चपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आजोबांच्या घरात झाला. १९३६ च्या मे महिन्यात ते मंडळीत दाखल झाले. पाहुण्या उपदेशकाच्या हाकेला आधी बहीण उठून पुढे गेली आणि ती आपल्यापुढे जाऊ नये म्हणून आपणही मागोमाग गेलो, असे पुढे त्यांनीच प्रांजळपणे लिहून ठेवले. १९४७ मध्ये त्यांनी चाचणी म्हणून पहिला उपदेश केला आणि १९४८ च्या फेब्रुवारीत, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, इथेच त्यांना पाळकीय दीक्षा मिळाली. वडिलांची इच्छा मुलाने इथेच राहावे अशी होती. पण १९५४ मध्ये अलाबामातल्या माँटगोमेरीच्या डेक्स्टर ॲव्हेन्यू चर्चचे बोलावणे आले आणि ते तिकडे गेले. बसमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या बहिष्काराचे ३८१ दिवस त्यांनी तिथेच काढले.

एबेनेझरशी नाते मात्र तुटले नाही. १९५७ च्या जानेवारीत दक्षिणेतले कृष्णवर्णीय पुढारी याच चर्चमध्ये जमले आणि त्यातून सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्स ही नागरी हक्क संघटना उभी राहिली. बैठक चालू असतानाच माँटगोमेरीत चर्चवर आणि घरांवर बाँब पडल्याची बातमी आली आणि किंग यांना तडक परतावे लागले. १९६० मध्ये ते कायमचे अटलांटाला आले ते वडिलांचे सह-पाळक म्हणून. दौरे, तुरुंग आणि मोर्चे यांतून सवड मिळे त्या रविवारी ते व्यासपीठावर उभे राहत. बाकी मंडळी वडील सांभाळत. रोजच्या भेटीगाठी, आजारपणे, लग्ने, मयते यांचा भार वडिलांनी उचलला नसता तर मुलाला देशभर फिरता आले नसते. या वाटणीकडे इतिहासकारांनी जरा जास्त लक्ष द्यायला हवे.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अटलांटातल्या एका दुकानातल्या धरण्यानंतर किंग यांना तुरुंगात टाकले. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केनेडी यांनी किंग यांच्या पत्नी कोरेटा यांना फोन करून धीर दिला. केनेडी कॅथलिक म्हणून त्यांना मत द्यायला नाखूश असलेल्या डॅडी किंग यांनी एबेनेझरमधून जाहीर केले की आपल्याकडे पेटीभर मते आहेत आणि ती आता केनेडींना जातील.

या व्यासपीठावरच्या उपदेशांपैकी एक आपल्याला विशेष जवळचा आहे. १९५९ मध्ये किंग पती-पत्नी भारतात आले होते. मुंबईत त्यांचा मुक्काम मणिभवनात होता. त्रिवेंद्रमच्या एका शाळेत, जिथली मुले पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य कुटुंबांतली होती, मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख ‘अमेरिकेतले एक अस्पृश्य’ अशी करून दिली. ४ जुलै १९६५ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, किंग यांनी ही गोष्ट एबेनेझरच्या मंडळीला सांगितली. आधी आपल्याला धक्का बसला, जरा रागही आला. मग आपल्या लोकांची कोंदट घरे आणि गरिबी डोळ्यांपुढे आली आणि मनात म्हटले : होय, मी अस्पृश्य आहे आणि अमेरिकेतला प्रत्येक निग्रो अस्पृश्य आहे. जातीचे नाव घेऊन अमेरिकेचा वर्णभेद अमेरिकनांनाच इतक्या थेट समजावणारा हा उपदेश महाराष्ट्रात शाळाशाळांतून वाचला जायला हवा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

४ फेब्रुवारी १९६८ रोजी त्यांनी इथेच मिरवणुकीच्या अग्रभागी राहण्याच्या माणसाच्या हौसेवर उपदेश केला. शेवटी ते स्वतःच्या मरणाबद्दल बोलले. माझ्या अंत्यविधीला लांबण लावू नका, नोबेल पारितोषिकाचा उल्लेख करू नका. भुकेल्याला खाऊ घालायची, उघड्याला वस्त्र द्यायची, कैद्याला भेटायची याने धडपड केली, एवढे म्हणा. दोन महिन्यांनी, ४ एप्रिलला, मेंफिस इथे त्यांचा खून झाला. ९ एप्रिलच्या अंत्यविधीला कोरेटा यांच्या इच्छेवरून त्या उपदेशाची ध्वनिफीत याच सभागृहात लावण्यात आली. बाहेर रस्त्यावर हजारोंची गर्दी होती. मग खेचरे जुंपलेल्या साध्या लाकडी गाड्यावरून शवपेटी मोअरहाउस कॉलेजकडे निघाली.

धाकटे बंधू ए. डी. किंग त्यांच्या जागी सह-पाळक झाले आणि १९६९ च्या जुलैमध्ये घरच्या पोहण्याच्या तलावात मृतावस्थेत सापडले. ३० जून १९७४ च्या रविवारी अल्बर्टा किंग ऑर्गनवर प्रभूची प्रार्थना वाजवत असताना मंडळीत बसलेल्या एका तरुणाने उठून गोळ्या झाडल्या. त्या आणि डीकन एडवर्ड बॉयकिन मारले गेले. मारेकरी कृष्णवर्णीय होता. ज्यांचा द्वेष करावा असे दोघे आपल्या आयुष्यात आहेत, एक गोरा, एक काळा, आणि आपण दोघांचाही द्वेष करणार नाही, असे डॅडी किंग म्हणत. मारेकऱ्याला आधी देहान्ताची शिक्षा झाली होती. ती पुढे जन्मठेपेत बदलली आणि त्यामागे किंग कुटुंबाचा मृत्युदंडाला असलेला विरोध हेही एक कारण होते.

१९७५ मध्ये डॅडी किंग निवृत्त झाले. मंडळीने प्रेस्बिटेरियन पंथातून आलेले जोसेफ रॉबर्ट्स यांना बोलावले. इतक्या शोकानंतर आणि इतक्या मोठ्या नावामागून येणे सोपे नव्हते, तरी त्यांनी तीस वर्षे काम केले. रस्त्यापलीकडची होरायझन सँक्चुअरी ही प्रशस्त नवी वास्तू त्यांच्याच काळात, १९९९ मध्ये, उभी राहिली.

२००५ मध्ये राफाएल वॉर्नॉक आले तेव्हा ते पस्तिशीत होते. सव्हाना शहरातल्या सरकारी घरकुलात, बारा भावंडांत अकरावे म्हणून ते वाढले. त्यांची आई तरुणपणी दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची. जानेवारी २०२१ मध्ये ते जॉर्जियातून सिनेटवर निवडून आले. या राज्याचे ते पहिले कृष्णवर्णीय सिनेटर आहेत. २०२२ मध्ये ते पुन्हा निवडून आले. सिनेटर झाल्यावरही त्यांनी पाळकपद सोडले नाही. विल्यम्स यांनी शाळेच्या कर्जरोख्यांविरुद्ध मते गोळा केली होती, हे ज्याला माहीत आहे त्याला यात काही वावगे वाटत नाही. नागरी हक्क चळवळीतले जॉन लुइस यांचा अंत्यविधीही ३० जुलै २०२० रोजी याच मंडळीत झाला आणि त्याला तीन माजी राष्ट्राध्यक्ष हजर होते.

जुने चर्च आज मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा भाग आहे. दुरुस्ती करून त्याला पुन्हा १९६० च्या दशकातले रूप दिले आहे. कोपऱ्यावर ‘एबेनेझर बाप्टिस्ट चर्च’ अशी निऑनची पाटी आहे, आत लाकडी बाकांच्या रांगा आणि व्यासपीठ. पर्यटक बाकांवर येऊन बसतात आणि ध्वनिवर्धकातून किंग यांचे जुने उपदेश ऐकतात. शेजारच्या आवारात पाण्याच्या कुंडात किंग आणि कोरेटा यांची समाधी आहे. दर रविवारची उपासना मात्र रस्त्याच्या पलीकडे, नव्या इमारतीत भरते.